बिनसाखरेचा गोड चहा

१

मोठ्या डॉक्टर कागद आपटत नाहीत, हळूच सरकवतात. मंगळवारी सकाळी त्यांनी तो आपटला.

"भिंग, वाच."

भिंग म्हणजे मी. या कॅन्सर हॉस्पिटलच्या औषध विभागात मी एकवीस वर्षं काढली. बारीक अक्षर वाचायला गळ्यात भिंग अडकवून फिरते, म्हणून हे नाव पडलं. माझी खूण झाल्याशिवाय इथून एकही चिठ्ठी पेशंटच्या हातात जात नाही, असा माझा तोरा होता. होता, हे लक्षात असू द्या.

कागद नऊ नंबरचा होता. ती नऊ नंबरची बस चालवते, म्हणून आम्ही सगळे तिला नऊ नंबर म्हणतो. वय बेचाळीस, उजव्या स्तनात गाठ. ऑपरेशनच्या आधी केमोचे चार डोस द्यायचे, दर तीन आठवड्यांनी एक. तीन झाले होते आणि गाठ निम्म्यावर आली होती. चौथा परवा, गुरुवारी होता.

"मी तो देणार नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"का?"

"दुसऱ्या डोसनंतर सहाव्या दिवशी तिला उचलून आणलं. पोटॅशियम घसरलेलं, पायांत त्राण नाही. सलाईनमधून भरून काढलं. तिसऱ्यानंतर पुन्हा सहाव्या दिवशी तेच, आणि या वेळी हृदयाचे ठोकेही चुकत होते. आपलं औषध मुळातच हृदयाला जड. पुढच्या वेळी ती हातातून जाईल."

"उलट्यांनी उतरलं असेल."

"उलट्यांनी माणूस सुकतो, बीपी खाली जातं. हिचं बघ."

मी भिंग लावलं. बीपी चढलेलं होतं. पुढे नर्सने लिहिलं होतं, 'दोन्ही पायांना सूज, चपला घालता येत नाहीत.' हे उलट्यांचं काम नव्हतं. हे पोटात जाणाऱ्या कशाचं तरी काम होतं.

"बाहेरचं काही देता का, म्हणून घरच्यांना तीनदा विचारलं. सगळे नाही म्हणतात. कोणीतरी धडधडीत खोटं बोलतंय. आज तिला तपासण्यांसाठी बोलावलंय, सगळं कुटुंब खाली आहे. गुरुवारी सकाळपर्यंत कारण सापडलं तर डोस देईन. नाही सापडलं तर थांबायचं, आणि त्या गाठीला पुन्हा मोकळं रान मिळायचं."

त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"आणि तळमजल्यावरच्या वैद्यांनाही विचार. दोन वर्षांपूर्वी मीच हट्टाने त्यांना ती खोली मिळवून दिली होती."

२

नऊ नंबर रक्त देऊन खुर्चीत बसली होती. डोक्याला रुमाल, आणि उजवा पाय सारखा खाली दाबत होती.

"ब्रेक लावतेय," ती म्हणाली. "बसून राहायची सवय आहे मला, पण बस चालती लागते. चौथा डोस होणार ना, मॅडम? डेपोत मी तारीख सांगून बसलेय."

मी विषय टाळला. खाण्यापिण्यात काय आहे, ते विचारलं.

"वरण-भात, भाजी, घशाखाली उतरेल ते. झाडपाल्याचं म्हणाल तर वास आला तरी मला मळमळतं. पहिल्या डोसनंतर तोंड आलं, तेव्हा तुमच्या वैद्यांनी डबा दिला. मी सांगूनच टाकलं, गुळण्या करीन, सुंठीची गोळी चघळीन, बाकी काही मागायचं नाही."

"तोंडाची चव कशी आहे?"

"केमोनंतर सगळं लोखंडासारखं लागतं. चहा सोडून. साखर सोडून चार महिने झाले, तरी केमोच्या आठवड्यात चहा गोड लागतो. मग पुन्हा फिका. जिभेला वेड लागलंय, दुसरं काय."

'जिभेचं वेड' असं मी वहीत लिहिलं आणि पुढे गेले. पुढचा प्रश्न तिथेच विचारायला हवा होता. पण माझं लक्ष दाराबाहेरच्या तिच्या सासूबाईंकडे होतं.

सासूबाई छापखान्यातून निवृत्त झालेल्या मुद्रितशोधक. म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधायचं काम, तेही अडतीस वर्षं. आत्ताही त्या आमच्या नोटीस बोर्डासमोर लाल पेन्सिल घेऊन उभ्या होत्या. 'रुग्णांनी शांतता राखावि' मधली वेलांटी त्यांनी दीर्घ करून टाकली होती.

"आमच्या आई चुका काढतात," सून मागून म्हणाली. "माझ्या हॉर्नमध्येसुद्धा काढतात."

"दोनदा वाजवायचा तिथे ही तीनदा वाजवते," सासूबाई म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

मी त्यांना बाजूला घेतलं. "मावशी, घरात बाहेरचं काही औषध येतं का?"

त्यांनी मान ताठ केली. "लिहून दिलंय त्यापलीकडे एक थेंब तिच्या पोटात जात नाही. मी पाळते ना, अक्षरन् अक्षर. तीन वेळा विचारून झालंय हे."

आवाजात काडीचाही खोटेपणा नव्हता. खोटेपणा मला सापडला तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे नऊ नंबरची थोरली बहीण बसली होती. मांडीवर मोठी पिशवी, आणि ती पिशवीची चेन सारखी उघडत आणि लावत होती. चेनीच्या दातांत हिरवी भुकटी अडकली होती.

मी भिंग वर केलं. ती रडायलाच लागली.

"मी देते," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून देते."

३

पावडर हिरवीगार होती. डब्यावर घटकांचा पत्ता नाही, नुसतं 'पेशींना नवजीवन'. ताईंना ती कोणा मैत्रिणीने दिली होती. दर आठवड्याला नवा डबा त्या मेहुण्यांच्या हातात नेऊन द्यायच्या, रोज एक चमचा दुधातून द्या म्हणायच्या.

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा गप्प का राहिलात?"

"रागावतील म्हणून. ती माझी धाकटी बहीण आहे हो. नुसतं हात बांधून बसवत नाही मला."

डॉक्टरांना फोन केला तर त्या म्हणाल्या, "झालं, सापडलं." मला मात्र चैन पडेना. औषध विभागाच्या अरुंद बोळातून मी चार फेऱ्या मारल्या. पावडर पहिल्या दिवसापासून चालू होती, मग पहिल्या डोसनंतर काहीच का झालं नाही? आणि पावडर रोज होती, तर पोटॅशियम फक्त केमोच्या आठवड्यात का पडावं? मधल्या दोन आठवड्यांचे सगळे आकडे चोख होते.

दुपारी मी नऊ नंबरच्या नवऱ्याच्या दुकानात गेले. तो कुलपं दुरुस्त करतो आणि स्वतःही कुलपासारखाच बंद असतो. हिरव्या पावडरीचं नाव काढताच त्याच्या हातातली किल्ली खाली पडली.

"ताईंना सांगणार नसाल तर बोलतो."

"बोला."

"ती पावडर हिच्या पोटात कधी गेलीच नाही. काय आहे तेच माहीत नाही, कशी देणार? आणि नाही म्हणावं तर ताईंना लागतं. त्या आईसारख्या आहेत हिला. मी रोज एक चमचा गॅलरीतल्या कुंडीत टाकतो." तो ओशाळला. "तीन कुंड्या मेल्या."

मला हसू आलं आणि लगेच विरलंही. ताई खरं बोलत होत्या, हाही खरं बोलत होता, आणि मी जिथल्या तिथे होते. मंगळवार मावळत आला होता. निघताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरी हिचं सगळं कोण बघतं?"

"आई. मी सकाळी लवकर निघतो, चहासुद्धा इथेच पितो. केमोच्या आठवड्यात तर आई तिच्या स्वयंपाकघरात कोणाला पाऊल टाकू देत नाही."

४

बुधवारी सकाळी मी तळमजल्यावर गेले. वैद्य पाठ करून कपाट आवरत होते. खोकी बांधायला काढलेली दिसत होती.

"निकाल लागलाय म्हणे," ते म्हणाले. "झाडपाला म्हटलं की आरोपी मीच."

"अजून लागलेला नाही. तुम्ही तिला काय दिलंत?"

"जे प्रत्येकीला देतो ते. माझी औषधं गाठ विरघळवत नाहीत, मी तसं कधी म्हणतही नाही. तुमचं औषध सोसायला बळ यावं, एवढंच माझं काम. मळमळीला सुंठ, तोंड आलं की ज्येष्ठमधाच्या गुळण्या."

ज्येष्ठमध. मी खुर्चीवरून उठलेच. ज्येष्ठमध जास्त पोटात गेलं की अंगात पाणी धरतं, सूज येते, बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. एकेक खूण जुळत होती. आणि त्याची चव गोड असते.

"मला शिकवू नका," माझ्या चेहऱ्याकडे बघून वैद्य म्हणाले. "म्हणूनच ते फक्त गुळण्यांना दिलंय. आणि उलट्यांच्या दिवसांत चुकून घोटभरही पोटात नको, म्हणून केमोच्या आठवड्यात डब्यातच ठेवायचं नाही. तोंड येतं ते त्यानंतर, तेव्हा परत ठेवायचं. मोजकं लिहितो मी, पण स्पष्ट लिहितो."

त्यांनी चिठ्ठीची कार्बन प्रत समोर टाकली.

'सुंठ गोळी – मळमळल्यास एक.
ज्येष्ठमध – तोंड आल्यास गुळण्या. केमोच्या आठवड्यात काढा.'

खाली कोपऱ्यात माझी बरोबरची खूण होती. म्हणजे चिठ्ठी माझ्या नजरेखालून गेली होती, आणि त्यात काही गैर नव्हतं. वैद्य सुटले.

"पुडी किती दिवस पुरते?"

"गुळण्यांना चिमूटभर लागतं. तीन महिने सहज." ते थांबले. हातातली सुतळी त्यांनी खाली ठेवली. "पण काल दुसरी पुडी गेली. पहिली संपली म्हणून. मला वाटलं, सांडली असेल."

"कोण घेऊन गेलं?"

"सासूबाई," वैद्य म्हणाले.

५

नऊ नंबरच्या घरी जायला नऊ नंबरचीच बस. मी उभीच राहिले, बसवत नव्हतं. डोक्यात एकच चित्र फिरत होतं. केमोच्या आठवड्यात बंद असलेलं स्वयंपाकघर, बिनसाखरेचा गोड चहा, आणि सुनेचा हॉर्नसुद्धा न आवडणारी ती ताठ मानेची बाई. डोस उद्या सकाळी होता आणि दुसरी पुडी तिच्या घरात होती.

पण एक गोष्ट टोचत होती. जिला गुपचूप काही करायचंय, ती उजळ माथ्याने वैद्यांकडे जाऊन दुसरी पुडी मागेल? काल आमच्या नोटीस बोर्डाची वेलांटी सुधारून, त्याच फेरीत? आणि वर 'लिहून दिलंय त्यापलीकडे एक थेंब नाही' हे डोळ्यांत डोळे घालून सांगेल?

बस चौकात वळली. मागून कंडक्टर पुढे येत होता.

"चला, तिकीट काढा, तिकीट काढा... मावशी, पिशवी वाटेतून काढा... काढा लवकर."

मी पर्स उघडली आणि हात आतच राहिला.

काढा.

"बाई, तिकीट काढताय ना?"

"काढा," मी म्हणाले. मोठ्यांदा. आणि पुन्हा एकदा, वेगळ्या सुरात, "काढा!"

कंडक्टर माझ्याकडे बघत राहिला. मी आजवर कोणाच्या खोटेपणाचा माग काढत होते, आणि या सगळ्या प्रकरणात ताईंची लपवाछपवी सोडली तर खोटं कोणी बोललंच नव्हतं.

६

दार सासूबाईंनीच उघडलं. गॅलरीत तीन कुंड्या वाळून गेल्या होत्या. सून आत पलंगावर पडून होती, तिचा पाय चादरीखाली ब्रेक दाबतच होता.

स्वयंपाकघरातल्या कपाटावर वैद्यांची चिठ्ठी चिकटवलेली होती, चारी कोपरे सरळ. खाली नवी पुडी, गाळणी, एक छोटं पातेलं आणि मोजायचा चमचा. सगळं उद्यासाठी मांडून ठेवलेलं. गाळणीच्या जाळीला पिवळट काड्यांचे धागे लागले होते. मी एक चिमटीत धरून जिभेवर ठेवला. गोड.

"मावशी, ही दुसरी ओळ मला वाचून दाखवता?"

त्यांनी चष्मा लावला. "ज्येष्ठमध. तोंड आल्यास गुळण्या. केमोच्या आठवड्यात," इथे त्या किंचित थांबल्या, "काढा."

"काढा म्हणजे?"

"म्हणजे उकळून. निम्मं आटवून. काढा कसा करतात ते मला शिकवणार आहात का तुम्ही? एरवी गुळण्या, आणि केमोच्या आठवड्यात काढा. वेळा लिहिल्या नाहीत वैद्यांनी, म्हणून तीन वेळा धरल्या. ही काढ्याचं नाव काढलं की ओकायची, मग चहात घालत गेले. तेवढं मात्र तिला सांगितलं नाही." त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "ते चुकलं का?"

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा?"

"त्यांनी विचारलं, बाहेरचं काही देता का. हे बाहेरचं कुठे? तुमच्याच तळमजल्यावरचं आहे. खाली तुमची खूण आहे."

होती. कार्बनवर पुसट दिसली होती, इथे शाईत ठसठशीत.

मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. वैद्यांना म्हणायचं होतं, त्या आठवड्यात ज्येष्ठमध डब्यातून बाहेर काढा. पहिल्या डोसच्या वेळी चिठ्ठीच नव्हती, म्हणून काही झालं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या डोसपासून मात्र रोज तीन वेळा काढा गेला आणि सहाव्या दिवशी अंगातलं पोटॅशियम संपलं. मधल्या आठवड्यांत तो थांबायचा, म्हणून आकडे सुधारायचे.

सासूबाई उठल्या. कपाटापाशी गेल्या आणि त्या ओळीवर बोट ठेवून उभ्या राहिल्या.

"पूर्णविराम होता," त्या म्हणाल्या. "वाक्य बरोबर होतं. अडतीस वर्षं मी लोकांच्या चुका काढल्या, आणि माझ्या घरात... माझ्या हाताने तिला..." त्या तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या.

मलाही राहवलं नाही. "मावशी, तुम्ही लिहिलेलं वाचलंत. त्या चिठ्ठीवर मी भिंग लावून खूण केली. मला ते एकाच तऱ्हेने दिसलं, कारण मला तेवढंच माहीत होतं. चूक मोजायची तर पहिली माझी."

"चहा तुम्ही करत होतात होय!"

दारात नऊ नंबर उभी होती, भिंतीला धरून. सगळं ऐकलं होतं तिने. सासूबाईंनी मान वर केली नाही.

"मला वाटलं माझी जीभ गेली कामातून," ती म्हणाली. "आई, रोज पहाटे उठून ते आटवत बसत होतात? माझ्यासाठी?"

"लिहिलं होतं तसं केलं."

"ते दिसतंयच." ती हळूहळू चालत आली आणि सासूबाईंच्या शेजारी जमिनीवरच बसली. तिने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. सासूबाईंचा हात बराच वेळ हवेतच राहिला, आणि मग त्या रुमालावर आला.

गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. पोटॅशियम ठीक होतं, ठोके ठीक होते. "बाहेरचं म्हणजे काय, हे मीही कधी सांगितलं नव्हतं," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. आता त्या पेशंटला विचारतात, पाण्याशिवाय पोटात जे जे जातं ते सगळं सांगा, हॉस्पिटलने दिलेलंसुद्धा. वैद्यांची खोकी पुन्हा उघडली गेली. त्यांच्या चिठ्ठ्या आता लांबलचक असतात. माझ्याकडे येण्याआधी त्या एका लाल पेन्सिलीखालून जातात. सासूबाई त्यासाठी आठवड्यातून दोनदा बसने येतात.

चौथा डोस सुरू झाला तेव्हा मी स्वतः बाटलीवरचं लेबल वाचलं. दोनदा, आणि एकदा मोठ्यांदा. नऊ नंबरच्या हातात नळी होती आणि पाय पलंगाच्या कडेला ब्रेक दाबत होता. सासूबाईंनी थर्मासमधून कपभर चहा ओतला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

तिने घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"फिका आहे," ती म्हणाली. "अगदी पाणचट. आई, अजून अर्धा कप द्या."